शोनेडचं माहेर

हंफ्री प्यूची कबर उघडली तेव्हा आत एकच माणूस निघाला.

कनातीच्या आडून मुकादम बाहेर आला. त्याने टोपी काढली आणि चिखलाने माखलेली पितळेची पाटी पुढे केली. "एवढी एकच सापडली. खाली कातळ लागला. दुसरं कुणी नाही आत."

इडवाल प्यूने पाटी अंगठ्याने पुसली. बापाचं नाव होतं. "नीट बघा," तो म्हणाला. "माझी आई असणार आत."

मुकादम पुन्हा कनातीत गेला. बिचारा सभ्य होता, जायची काही गरज नव्हती. परत आला तो मान हलवतच.

एर्लासचं खोरं त्या वर्षी बुडायचं होतं. डोंगरापलीकडच्या इंग्रजांच्या एका मोठ्या शहराला पाणी हवं होतं, आणि मोठ्या शहराला तहान लागली की घसा लहान गावाचा आवळला जातो, हे काही आजचं नाही. धरणाची भिंत उभी राहिली होती, शाळा पाडून झाली होती, दोन-चार घरं सोडली तर माणसं मेंढरांसकट निघून गेली होती. उरली होती ती मेलेली. त्यांच्यासाठी पाणी-कचेरीने फार उदार पत्रक काढलं होतं. ज्याला आपल्या माणसाची कबर चॅपलच्या पुस्तकातली नोंद दाखवून सिद्ध करता येईल, त्याचं माणूस कचेरी स्वतःच्या खर्चाने वरच्या नव्या दफनभूमीत नेऊन ठेवील. मुदत शनिवारी दुपारपर्यंत. बाकीच्यांवर काँक्रीटची लादी, आणि लादीवर पाणी.

तो दिवस मंगळवारचा होता.

इडवाल साठीचा, एकटा, जिल्ह्याच्या रस्त्यांवर कामाला. खोऱ्यातला एकुलता एक रस्ता त्याच्या ताब्यात. गटारं काढायची, झुडपं छाटायची, बर्फ पडलं की फावडं घेऊन निघायचं. स्वभाव इतका थंड की लोक म्हणायचे, इडवालला सोमवारी शिवी दिली तर त्याला राग गुरुवारी येतो. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. बाप दगडाच्या खाणीत दगावला तेव्हा नऊ वर्षांचा. वाढवलं ते मार्गेड आत्याने, ओटची भाकरी ताकात कुस्करून आणि बायबल पाठ करून घेऊन. दर वर्षी फुलं वाहायच्या रविवारी आत्या त्याला सायलेम चॅपलच्या आवारात न्यायची आणि बापाच्या दगडापाशी उभं करून म्हणायची, "ही तुझी माणसं." दगडावर नाव एकट्या बापाचंच होतं. इडवालने मनाशी ठरवून टाकलं की अक्षरं कोरायला पैसे पडतात, आणि गरिबाच्या कबरीत दोघांत एक नाव पुरतं. पुढे कधी त्याने विचारलं नाही. आत्याला विचारायची सोय नव्हती म्हणा. ती खोटं कधी बोलली नाही, पण खरं सांगायची घाईही तिला कधी झाली नाही.

त्याच संध्याकाळी तो एडनीफेडकडे गेला. एडनीफेड सायलेमचा चिटणीस. चॅपलची सगळी पुस्तकं आता त्याच्या स्वयंपाकघरात चहाच्या खोक्यांत भरलेली होती.

"जन्माचं काही मिळणार नाही हं," एडनीफेड चष्मा चढवत म्हणाला. "आपल्यात तान्ह्या पोराला बाप्तिस्मा नाही, त्यामुळे आपल्या पुस्तकात माणूस जन्मतो तोच वीस वर्षांचा."

"मला जन्म नको. मरण बघ."

सभासदांच्या यादीत ती सापडली. शोनेड, हंफ्री प्यूची बायको. नदीत बाप्तिस्मा, मार्च. त्याच ओळीखाली दुसऱ्या शाईत, निवर्तली, एप्रिल. इडवालने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. आईचं नाव लिहिलेलं त्याने आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं.

मग दफनांचं पुस्तक काढलं. त्या एप्रिलमध्ये सायलेमने एक म्हातारा पुरला होता आणि एक पोर. शोनेड नाही. मागचा महिना बघितला, पुढचा बघितला. नाही.

"बिशपच्या चर्चात?" इडवालने विचारलं.

"त्यांचं पुस्तक मी गेल्या आठवड्यातच दुसऱ्या एकासाठी चाळलं. आपलं कुणी नाही तिथं." एडनीफेडने पुन्हा सभासदांची यादी ओढली आणि भुवया आवळल्या. "हे बघ काय गंमत. तुझा बाप. मे महिन्यात यादीतून वगळला, नोव्हेंबरात परत घेतला. कारण लिहिलेलं नाही."

"दारू?"

"तुझा बाप? तो ताकसुद्धा वास घेऊन प्यायचा." एडनीफेडने यादी मिटली. मग खिडकीबाहेर बघत, आपण विचारतच नाही आहोत अशा आवाजात त्याने विचारलं, "रेहोबोथला चौकशी केलीस?"

इथे थोडं सांगायला हवं. खोऱ्यात चॅपलं दोन. खालच्या अंगाला सायलेम, बॅप्टिस्टांचं, आणि वरच्या अंगाला रेहोबोथ, मेथडिस्टांचं. बॅप्टिस्ट माणूस जाणता झाला, त्याला स्वतःला पटलं, की त्याला नदीत उभा करून पुरता बुडवून काढतात, म्हणून वरचे त्यांना पाणबुडे म्हणत. मेथडिस्ट पाळण्यातल्या पोरावर चार थेंब उडवून मोकळे होतात, म्हणून खालचे त्यांना शिंपडे म्हणत. देव एक, बायबल एक, भाषा एक. भांडायला एवढं पुरतं.

"शिंपड्यांकडे?" इडवाल म्हणाला. "नदीत बुडवलेल्या बाईला ते कशाला घेतील आवारात?"

"आपण चेष्टा करायचो बघ त्यांची. मेल्यावरचं माहेरपण म्हणून. वरच्या घरांत लग्न झालेल्या मुलीला मेल्यावर आईबापांजवळ आणून ठेवायची रीत होती. संसार नवऱ्याच्या चुलीपाशी, माती माहेरची. आणि तुझी आई हावोदची. रीसची थोरली."

ते इडवालला ठाऊक होतं. खोऱ्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. हावोदच्या घरात आता एकटी राहणारी लौरी रीस ही त्याच्या आईची धाकटी बहीण, म्हणजे त्याची सख्खी मावशी. पण दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. का नव्हतं हे इडवालला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. रस्त्याच्या कामाला लागल्यापासून तो तिच्या फाटकासमोरचं गटार काढत आला होता. खोऱ्यातल्या प्रत्येक घराने त्याला कधी ना कधी चहा दिला होता. हावोदने कधी दिला नाही.

"रेहोबोथचं पुस्तक लौरीकडेच आहे," एडनीफेड म्हणाला. "पण तिने शपथ घेतलीय. पाणी-कचेरीच्या कुठल्याही कागदाला हात लावणार नाही. सही केली म्हणजे पाण्याला हो म्हटलं, असं तिचं म्हणणं. स्वतःच्या आईबापांसाठीही तिने अर्ज केलेला नाही." त्याने पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. "नव्या दफनभूमीत तुझ्या बापाशेजारची जागा मी धरून ठेवतो. शनिवारपर्यंत."

हावोदला जायला इडवालने गुरुवार उजाडवला. बुधवारी दोनदा तो तिच्या फाटकापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा परत फिरला. ज्या माणसाला वादळात पडलेल्या झाडाखाली शिरायची भीती वाटत नसे, त्याला एका म्हातारीच्या दाराची वाटत होती.

गुरुवारी संध्याकाळी कुत्रं भुंकलं आणि ती स्वतःच दारात आली. बारीक, ताठ, पीठ लागलेले हात.

"गटार काढायला आलायस?" ती म्हणाली. "आता कशाला रे? मासे चालणार आहेत त्या रस्त्यावरून?"

"लौरीबाई, मी इडवाल."

"डोळे आहेत मला."

"माझी आई रेहोबोथला आहे का?"

तिने हात पुसले. सावकाश, एकेक बोट. "हे विचारायला तुला म्हातारपण यावं लागलं?"

"मला वाटत होतं ती बापाजवळ आहे. आत्या म्हणायची..."

"तिचं नाव काढू नकोस माझ्या उंबऱ्यावर." आवाज चढला तसं कुत्रं उठून उभं राहिलं. "सांगितलं का कधी तिने, तुझ्या आईला काय झालं ते? पुरती बुडवल्याशिवाय चॅपलात प्रभुभोजनाला बसता येणार नाही, म्हणाली. दीड वर्ष रोज टोचून खाल्लं पोरीला. शेवटी शोनेड हो म्हणाली. मार्च महिना, नदीच्या कडेला बर्फ, आणि हिला आधीच खोकला. माझे बाबा काठावर उभे होते. डोक्यावरची टोपी काढली नाही त्यांनी, सगळं होईपर्यंत. पाणबुडे गाणी म्हणत होते. घरी आली ती अंथरुणालाच खिळली. महिना काढला नाही तिने."

इडवालने मागे वळून खाली नदीकडे बघितलं.

"तुझ्या बापाने आयुष्यात एक शहाणपण केलं. ती म्हणाली, मला आईबाबांकडे ने. त्याने नेली. स्वतः गाडी हाकत वर घेऊन आला, आणि त्यापायी तुमच्या लोकांनी त्याला चॅपलाबाहेर काढला. आहे ती रेहोबोथला. बस? झालं समाधान?"

"मग मला ती नोंद द्या. नाहीतर नुसतं दाखवा तरी, पुस्तकात. शनिवारनंतर..."

"नाही."

"मी तिचा मुलगा आहे."

"असशील. मी सोळा वर्षांची होते. ती गेली त्यानंतर तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणून घेऊन आले होते सायलेमच्या फाटकाशी. तू आत्याच्या कडेवर होतास. तिने तुझं तोंड फिरवलं माझ्याकडून, हाताने. मोजे मी भिंतीवर ठेवून आले." तिने दार अर्धं लोटलं. "शोनेड माहेरी आहे, आईबाबांजवळ. तिथून तिला पुन्हा कुणी सासरी नेणार नाही. आणि त्या चोरांच्या कागदावर लौरी रीसची सही होणार नाही. पाणी आलं तर येऊ दे. आम्ही सगळे एकत्र बुडू."

इडवालचा राग गुरुवारी येतो म्हणत, तो खरंच त्या गुरुवारी आला. त्याने दाराला हात लावला.

"एकदा पाण्यानेच नेलं ना तिला? आता दुसऱ्यांदा पाण्यात घालताय, आणि या वेळेला तुम्ही घालताय. माझ्या आत्याने निदान वर तरी काढली होती!"

लौरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दार बंद झालं, आतून कडी लागली. इडवाल फाटकापर्यंत आला आणि तिथे त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. पण परत जाऊन माफी मागायची हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर बोललेलं त्याला खोटंही वाटत नव्हतं.

शुक्रवारी रेहोबोथच्या आवारात काँक्रीट आलं. फाटकाच्या बाजूने सुरुवात झाली. सपाट केलेले दगड, त्यावर लोखंडी जाळी, त्यावर करडा गिलावा. शनिवारी सकाळी इडवाल रविवारचा कोट घालून तिथे पोहोचला तेव्हा निम्मं आवार झाकलं गेलं होतं. जन्मभर तो या फाटकाबाहेरून गेला होता. आत पाय टाकायची ही पहिलीच वेळ.

वरच्या कोपऱ्यात रीस घराण्याची जागा होती हे दगडांवरून कळत होतं. पण नाव कोरलेले दगड जुन्या पिढ्यांचे. त्यांच्या पुढे नुसते तीन उंचवटे, गवत माजलेलं, डोक्याशी एकेक बिनअक्षरी पाटीचा तुकडा. यातला कुठला कुणाचा, हे पुस्तकाशिवाय सांगणारं माणूस एकच होतं आणि त्याने दाराला कडी लावली होती.

पाणी-कचेरीचा माणूस हॅरप टेबल मांडून बसला होता. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर इडवालला सोपं गेलं असतं.

"मिस्टर प्यू, माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण नोंदीशिवाय मी कबर उघडू शकत नाही. उद्या कुणी म्हणेल, चुकीचं माणूस उचललं."

"बारा वाजेपर्यंत मुदत आहे."

"आहे. पण काम थांबवता येणार नाही."

इडवालचं इंग्रजी कामापुरतं होतं, आणि या कामाला ते पुरेना. तो जाऊन त्या तीन उंचवट्यांसमोर उभा राहिला. मजूर जाळी अंथरत वर सरकत होते. काँक्रीटचा गाडा ओतत होता, फळी ओढली जात होती, पुन्हा गाडा येत होता. मुकादम जवळ आला, मंगळवारचाच. "बाजूला व्हा, काका." इडवाल हलला नाही. मजुरांनी त्याला वळसा घालून दोन्ही अंगांनी जाळी पसरली. ओला गिलावा त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर आला, तेव्हा मुकादमाने फावडं टेकवलं आणि हॅरपकडे बघितलं. हॅरपने घड्याळाकडे बघितलं. इडवाल मनात प्रार्थना जुळवत होता, पण लहानपणापासून पाठ असलेली एकही आठवेना. नुसतंच आई, आई असं म्हणत होता तो, आणि त्या बाईचा चेहरासुद्धा त्याला आठवत नव्हता.

फाटकाशी कुत्रं भुंकलं.

लौरी रीस आली ती काळा कोट, काळी टोपी, अंत्ययात्रेचाच सगळा थाट करून. पिठाच्या पोत्यात गुंडाळलेलं पुस्तक तिने छातीशी धरलं होतं. समोर ओलं काँक्रीट होतं. ती बघत राहिली, मग सरळ त्यावरून चालत आली. मजूर ओरडले. तिच्या बुटांचे ठसे एकामागून एक उमटत टेबलापर्यंत गेले.

"गुड मॉर्निंग," हॅरप उभा राहून म्हणाला.

"चोरांशी मी त्यांच्या भाषेत बोलत नाही," लौरी आपल्या भाषेत म्हणाली. तिला इंग्रजी येतं की नाही हे खोऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. "सांग त्याला."

इडवाल धावत आला होता. "त्या म्हणतात, गुड मॉर्निंग," त्याने हॅरपला सांगितलं.

लौरीने त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "तिघं जातील," ती म्हणाली. "आई, बाबा, शोनेड. वरही एकत्र राहतील, आहेत तशी. तुझ्या बापाशेजारी नाही. ते मान्य असेल तर पोतं सोडते."

मंगळवारपासून इडवाल एकच चित्र बघत होता. नव्या दफनभूमीत बाप, शेजारी आई, आणि एका दगडावर दोघांची नावं. एडनीफेडने जागा धरून ठेवली होती.  आपला बाप ज्या बाईला स्वतःच्या हाताने माहेरी पोचवून आला, तिला परत आणायचा हट्ट आपण कुणाच्या वतीने धरायचा, हे त्याला कळेना.

"राहू दे तिला आईबापांजवळ," तो म्हणाला.

पोतं सुटलं. पान तिला शोधावं लागलं नाही. हॅरपने वाकून बघितलं आणि इडवालने वाचून दाखवलं. शोनेड, रीसची मुलगी, हावोद. वरून चौथी रांग, आईवडिलांसाठी राखलेल्या जागेला लागून डावीकडे. नवऱ्याचं नाव नाही, प्यू नाही, काहीच नाही.

"अडचण आहे," हॅरप म्हणाला. तो खरोखरच खजील झाला होता. "अर्ज मिसेस प्यूसाठी आहे. ही मिस रीस आहे. लग्न झाल्याचासुद्धा उल्लेख नाही."

"इथं बायकांना असंच लिहितात. बापाच्या नावाने."

"तुम्ही सांगता ते खरं असेल. पण ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी हवं." गाडा पुन्हा आवाज करायला लागला होता. हॅरपने अर्ज उलटला. "या बाई मृताच्या कोण?"

इडवालने विचारलं. "बहीण," लौरी म्हणाली. त्याने सांगितलं. हॅरपने लिहून घेतलं.

"आणि अर्जदाराशी यांचं नातं काय? तुमच्याशी?"



"काय म्हणतोय तो?" लौरी म्हणाली.

"काही नाही."

"बारा वाजत आलेत. काय विचारतोय?"

इडवालने डोक्यावरची टोपी काढली. साठ वर्षांचा गडी, हातात टोपी घेऊन गवतात उभा. "तो विचारतोय," त्याने खाली बघत म्हटलं, "मी तुमचा कोण."

 लौरीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, अगदी निरखून, फाटकासमोर गटार काढणाऱ्या माणसाकडे इतकी वर्षं जसं बघायचं टाळलं होतं तसं. मग ती हॅरपकडे वळली आणि स्वच्छ इंग्रजीत, एकेक शब्द मोजून देत म्हणाली, "माझ्या बहिणीचा मुलगा. माझा भाचा. ते लिहा, आणि वर मोठ्या अक्षरात हेही लिहा की या पाण्याला मी हो म्हटलेलं नाही. मग मी सही करीन."

हॅरपने दोन्ही लिहिलं, आणि तिच्या आईबापांची नावंही त्याच अर्जात चढवली. तिने सही केली. त्याने हात वर केला तसा गाडा थांबला, आणि मुकादम कनातीचे खांब घेऊन वर निघाला.

इडवाल होता तिथेच उभा होता. लौरीने पुस्तक पोत्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

"थँक्यू, लौरीबाई, तुम्ही..."

"टोपी घाल आधी डोक्यावर, वारा बघ कसा आहे," ती म्हणाली. "आणि मावशीला कुणी अहो-जाहो करतं का रे?"